पैलवानांची डबी

किराणा दुकानासमोर उभं राहून लोक पुडे कसे फाडतात हे बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सांगलीच्या वखारभागात संध्याकाळी तो हातात रिकामी पिशवी घेऊन उभा असायचा. नव्या दुकानदारांना वाटायचं, हा विक्रीकर खात्याचा माणूस आहे, आणि ते त्याला आत बोलावून चहा पाजायचे. तो चहा प्यायचा, गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडायचा नाही, आणि पुन्हा बाहेर येऊन गिऱ्हाइकांच्या हातांकडे बघत राहायचा. कुणी पुडा दातानं फाडला की त्याचा चेहरा कसनुसा व्हायचा. कुणी नखानं हळूच कड सोडवली की तो त्या माणसाच्या मागे मागे जायचा आणि विचारायचा, "आवं, कुटलं गाव तुमचं?"

त्याला ही पंचाईत का, तर त्या पुड्यांवरची निम्मी चित्रं त्यानं काढलेली असायची. हळद, शेवया, तपकीर, अगरबत्ती, भडंग, उंदराचं औषध. एका छापखान्यात तो आर्टिस्ट होता. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणत. आम्ही तोंडावर पेंटरमामा म्हणायचो. टक्कल, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशाला कायम लाल शाईचा डाग, आणि त्या डागाकडे कुणी बघितलं तर, "दोन नंबरची लाल हाय. जात न्हाई," असा अभिमानानं खुलासा.

त्याचं दुःख त्यानं मला दुसऱ्या का तिसऱ्या भेटीतच सांगून टाकलं होतं. लपवालपवी हा त्याचा स्वभावच नव्हता. "सांगली-सातारा दोन जिल्ह्यांत माझ्याएवढी चित्रं कुणाची घरात गेली न्हाईत," तो म्हणाला, "आन् माझ्याएवढी कुणाची केरात बी गेली न्हाईत. लोकं फाडत्यात, आतलं खात्यात आन् मला टाकत्यात. मरायच्या आत एक तरी चित्र असं व्हाय पायजे गड्या, की लोकांनी ते ठिवलं."

त्याच्या धंद्याचा एकच नियम होता आणि तो त्यानं देवाच्या नियमासारखा पाळला. पाकीट काढणाऱ्यानं माल चाखायचा नाही. माल चाखला की चित्र खोटं पडतं, असं त्याचं म्हणणं. ज्या पेढेवाल्याचे बॉक्स त्यानं वर्षानुवर्षं केले, त्याचा पेढा त्यानं तोंडात घातला नव्हता. महाबळेश्वरच्या एका बागवाल्यानं स्ट्रॉबेरीच्या खोक्यावर चित्र मागितलं, सोबत नमुन्याला करंडीभर स्ट्रॉबेरी पाठवली, तर यानं करंडी न उघडताच यंत्रावरच्या कामगारांना वाटून टाकली. खोकं छापून गेलं. आठवड्याभरात बागवाल्याचा फोन आला की मुंबईचे लोक खोक्याला टोमॅटोचं खोकं समजतायत. "समजू द्या की," पेंटर म्हणाला, "टोमॅटो समजून उघडतील, आत वेगळंच निघंल, खूश हुतील."

सगळीच कामं अशी तरून जात नसत. उंदराच्या औषधाच्या पाकिटावर त्यानं असा गोंडस, मिशाळ, टपोऱ्या डोळ्यांचा उंदीर काढला की बायका म्हणू लागल्या, याला मारायला जीव होत नाही. औषध खपेना. मालकानं झापलं, तर हा उलट म्हणाला, "मग मेलेला काढू व्हय? मेलेल्याला औषध कशाला लागतंय?" तरी उंदीर बदलावा लागलाच. पेंटरनं त्याचं मूळ चित्र आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

तो जत तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. लहानपणी पहिला रंग त्यानं मेंढरांच्या पाठीवर लावला होता. चार कळप एका पाणवठ्यावर आले की कुणाची मेंढी कुठली हे कळावं म्हणून पाठीवर रंगाची खूण करतात, ती. "माझा बा म्हणायचा, खूण अशी कर की पल्याडच्या टेकावनं दिसली पायजे. मेंढीला इचारायला जायला लागू नये." चित्रकलेचं त्याचं शिक्षण एवढंच. पुढे तो कुस्तीच्या मैदानाच्या जाहिराती रंगवायला शिकला, आणि माझ्या मते त्यानंतर त्यानं आयुष्यभर कुस्तीचीच जाहिरात केली, मग आत शेवया असोत की तपकीर.

अशा माणसाच्या हातात आमचा रॉक बँड सापडला.

आम्ही चौघं सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. विन्या गिटार वाजवायचा आणि गायचा. तो विश्रामबागेतल्या डॉक्टरांचा मुलगा, केस खांद्यापर्यंत, आणि आपण चुकून सांगलीत जन्मलो अशी त्याची पक्की समजूत. बाळ्या ड्रम वाजवायचा. तो साताऱ्याचा, त्याच्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, कंदी पेढ्यांचं दुकान होतं. मी बेस गिटार वाजवायचो. चौथा कीबोर्डवाला, तो तेव्हाही काही बोलत नसे, त्यामुळे इथेही बोलणार नाही. आमची गाणी मराठीत होती, पण विन्या ती अशा काही आवाजात म्हणायचा की बाळ्याच्या आईला ती शेवटपर्यंत इंग्रजीच वाटली.

आमचा आवाज कुठल्याच वस्तीत खपत नसे. शेवटी वखारभागात एका व्यापाऱ्यानं हळदीची वखार रिकामी असेल तेव्हा वापरा म्हणून सांगितलं. पूर्ण रिकामी ती कधीच नसायची. बाळ्यानं ड्रमवर पहिला ठोका दिला की छपरापासून जमिनीपर्यंत हळद उडायची. दोन गाणी झाली की आम्ही नवरदेवासारखे पिवळे होऊन, शिंकत बाहेर पडायचो.

पुण्याला जाऊन आम्ही कॅसेट रेकॉर्ड केली. त्या काळात कॅसेट निघाली की माणूस कलाकार होत असे. छपाईचा भार अप्पांनी उचलला, पण एका अटीवर. "माझे पेढ्यांचे बॉक्स छापतात त्याच शीटात कडेला पट्टी उरते. ती वाया जाते. तिथं तुमचं कव्हर बसवा." छापखान्यात हे नेहमीचं होतं. मोठ्या कामाच्या कडेला छोटं काम लावायचं. लग्नपत्रिकेच्या कडेला व्हिजिटिंग कार्ड, तसं पेढ्याच्या कडेला रॉक बँड.

तालीम आटोपून आम्ही थेट पेंटरच्या छापखान्यात गेलो. पेंटरनं चष्म्यावरून बघितलं. समोर चार पोरं, डोक्यापासून पायापर्यंत हळद. तालमीतल्या मातीत हळद मिसळतात हे त्या भागात कुणालाही ठाऊक असतं.

"या पैलवान," तो म्हणाला. "कुटल्या तालमीचं?"

आम्ही गाण्याचा बँड आहोत, हे आम्ही त्याला अनेक प्रकारे सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली. पण माणूस पहिल्यांदा दिसतो तोच त्याचा खरा रंग, असं त्याच्या डोक्यात होतं, आणि ते तिथून कधीच हललं नाही.

विन्यानं चित्र मनात ठरवून आणलं होतं. पूर्ण काळं कव्हर, मधोमध एक कवटी.

"काळ्या पाकिटात आमी उंदराचं औषध घालतो," पेंटर म्हणाला.

"मामा, बाहेरच्या देशांत सगळ्या मोठ्या बँडची अशीच असतात."

"आन् कवटी आमी फवारणीच्या औषधावर काढतो. खाली लाल चौकट, लहान मुलांपासून लांब ठेवा. तसं ल्ह्यायचं का तुमच्यावर?"

"त्यातून एक जहाल, बंडखोर असा इफेक्ट येतो."

"येतो की. वांती हुती."

विन्या हात टेकून बसला. मी मध्ये पडलो आणि सहज म्हणालो की मामा, हे इतर पाकिटांसारखं नाही, कॅसेटचं कव्हर लोक टाकत नाहीत. त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला.

"टाकत न्हाईत?"

"नाही. कॅसेट ठेवायची तर कव्हर ठेवावंच लागतं."

"किती दिस ठिवत्यात?"

"आयुष्यभर," मी म्हणालो. त्या वयात मला आयुष्य म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण खात्री होती.

पेंटर उठला, नळावर जाऊन हात धुतले, चष्मा पुसला आणि परत येऊन बसला. "मग हे काम मी करणार," तो म्हणाला, "आन् मधी कुणी बोलायचं न्हाई." विन्यानं निदान एकदा गाणी तरी ऐका म्हणून कॅसेट पुढे केली, तर यानं दोन्ही हात मागे घेतले. "चाखायचा न्हाई म्हंजे न्हाई. तू नाव सांग, कोण काय वाजवतंय ते सांग, बास." बाळ्यानं ड्रमसेटचा फोटो दाखवला. पेंटरनं तो बराच वेळ बघितला. "एवढी भांडी डबीवर मावत न्हाईत. तुला हलगी देतो." मी काय वाजवतो विचारलं. मी म्हटलं, गिटारच, पण जाड तारांचं. त्या दिवसापासून त्यानं मला जाड तार अशीच हाक मारली. माझं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं असं मला वाटतं.

महिन्याभरात काम झालं. पेढ्याच्या बॉक्सचा जाड पुठ्ठा कॅसेटच्या प्लॅस्टिकच्या केसमध्ये दुमडून बसत नव्हता, म्हणून त्यानं प्लॅस्टिक केसच रद्द केली होती. त्याऐवजी कॅसेट बरोबर मावेल एवढी पुठ्ठ्याची छोटी डबी केली होती, पेढ्यांच्या बॉक्ससारखीच, वर झाकण, झाकणाला नखानं उचलायला अर्धगोल खाच. रंग दोनच, लाल आणि पिवळा, कारण पेढ्याला तेवढेच होते. आणि झाकणावर आम्ही. उघडेबंब. डोक्याला फेटे. माझे दंड माझ्या तेव्हाच्या मांड्यांएवढे. विन्याच्या हातात गिटार होती, पण त्यानं ती गदेसारखी खांद्यावर घेतली होती. बाळ्या हलगी वाजवत होता. कीबोर्डवाल्याचं वाद्य पेंटरला कळलं नसावं. तो नुसताच शड्डू ठोकत उभा होता.

विन्यानं डबी इतकी डोळ्यांजवळ धरली की मला वाटलं तो रडतोय. "आपली चेष्टा होणार," तो शेवटी म्हणाला. "सगळ्या महाराष्ट्रात चेष्टा होणार."

"लांबनं बगा," पेंटर म्हणाला. त्यानं डबी यंत्राच्या पलीकडे कपाटावर ठेवली आणि आम्हाला दारापर्यंत मागे नेलं. "दिसतंय का न्हाई, कुणाचं हाय ते?"

दिसत होतं. ते नाकारायची सोयच नव्हती.

आता खरं सांगायचं तर, सगळ्या महाराष्ट्रात चेष्टा व्हायला आधी सगळ्या महाराष्ट्रात जावं लागतं. आमची कॅसेट सातारा आणि सांगलीच्या पलीकडे गेली नाही. पण तिथं ती जी गेली, ती विचारू नका. अप्पांनी ती पेढ्यांच्या शेजारी काउंटरवर मांडली. लोक पेढे घ्यायला यायचे आणि हे काय नवीन म्हणून डबी उचलायचे. पैलवान दिसले की घ्यायचेच. कॅसेटच्या दुकानांत बाकी सगळ्या कॅसेटी ओळीनं उभ्या, तर आमची डबी जाडीमुळे त्या फळीत बसायची नाही, म्हणून दुकानदार ती बाहेर, काचेवर ठेवायचे. लवकरच आम्हाला जत्रेचं बोलावणं आलं.

साताऱ्याच्या बाजूचं एक गाव. आम्ही टेम्पोत सामान घालून पोचलो, तर स्टेज बांधलं होतं कुस्तीच्या मैदानात, लाल मातीच्या कडेला. जत्रा कमिटीचे अध्यक्ष पुढे आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागे टेम्पोत बघितलं.

"पैलवान कवा येणार?"

"आम्हीच," बाळ्या म्हणाला.

अध्यक्षांनी माझा दंड चाचपला. ते सभ्य गृहस्थ होते. फक्त मंडपवाल्याला हळूच म्हणाले, "लायटी जरा कमी ठिव."

पहिलं गाणं आम्ही म्हटलं आणि मैदानात अशी शांतता पसरली की जत्रेतल्या पाळण्याची कुरकुर ऐकू आली. दुसऱ्या गाण्याला मागून आवाज आला, "हलगी कुटाय?" मग दुसरा. मग सगळीकडून. कुणीतरी आमची डबीच वर धरून दाखवू लागलं, हे बघा, याच्यावर हाय. विन्या माइकपासून दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात कमिटीनं कुस्त्यांसाठी बोलावलेला हलगीवाला कुणाला न विचारता स्टेजवर चढला. त्यानं हलगीवर पहिली थाप दिली आणि बाळ्या ड्रमसेटवर अक्षरशः उडी मारून त्याच्या मागे धावला. मी जाड तारा धरल्या. पुढचा तासभर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण टोप्या हवेत उडत होत्या आणि अध्यक्ष स्वतः नाचत होते. विन्याच्या डोक्यावर कुणीतरी फेटा बांधला होता आणि तो त्यानं काढला नाही. मी त्या दिवसाइतका आनंदात पुन्हा क्वचितच होतो.

त्यानंतर आम्ही चित्राच्या मागे धावायला लागलो. हलगीवाल्याला आम्ही बँडमध्ये घेतलं. फेटे विकत घेतले. मी तर पहाटे तालमीत जाऊन जोर-बैठका काढायला लागलो, कारण कार्यक्रम संपला की लोक यायचे आणि हात मिळवायच्या आधी दंड दाबून बघायचे. गाणी बदलली, चाली बदलल्या, विन्याचा आवाजसुद्धा जमिनीवर आला. पेंटरनं आम्हाला एकदाही ऐकलं नव्हतं, तरी आम्ही काय वाजवायचं हे तोच ठरवत होता. त्याला हे सांगितलं की म्हणायचा, "मग? शेवयाच्या पुड्यावर लांब शेवई काढली की मालकाला लांबच करावी लागती."

या दिवसांत त्याचा नवा छंद म्हणजे कॅसेटच्या दुकानासमोर उभं राहणं. लोक डबी कशी उघडतात हे बघून तो रात्री जेवायच्या आधी माझ्या खोलीवर यायचा आणि बातमी द्यायचा. "आज एक जण आला. खाचंत नख घातलं. झाकण उचललं. आत बघितलं. परत झाकण लावलं रं! परत लावलं!" शेवयांच्या पुड्याला झाकण परत लावलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

मग पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांना कॅसेट सगळीकडे काढायची होती. फक्त ते पैलवानांचं कव्हर त्यांना नको होतं. त्यांनी नवं करून पाठवलं. पूर्ण काळं. त्यात धूर आणि धुरात चार सावल्या. त्यातली मी कुठली हे मला आजही ओळखता आलेलं नाही. विन्या हरखून गेला. त्याला शेवटी त्याची काळी डबी मिळाली. खरं तर आम्ही सगळेच हरखलो, कारण पुणं ते पुणं. कंपनीनं दुकानदारांना कळवलं की जुना माल परत द्या, नवा घ्या.

परत आलेल्या कॅसेटी कंपनीनं आतून काढून घेतल्या आणि रिकाम्या डब्या पोत्यांत भरून छापखान्यात पाठवल्या, रद्दीत घाला म्हणून. मी नेमका त्या दिवशी तिथं होतो. कटिंग मशीनच्या शेजारी पोती ओतली. लाल-पिवळा ढीग. हजार दंड, हजार फेटे. पेंटर आपल्या टेबलावरून उठून आला, ढिगापाशी उकिडवा बसला आणि एक डबी उचलून त्यानं तिचं झाकण लावलं. मग दुसरीचं. कटिंगवाला म्हणाला, "पेंटर, कापायच्याच हायत की." तरी तो लावत राहिला.

"तू म्हणाला व्हतास लोकं ठिवत्यात," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "शेवया बऱ्या. त्या कुणाला वचन देत न्हाईत."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याच्या बोलण्यातला राग माझ्यावर नव्हता हे कळत होतं म्हणून जास्तच वाईट वाटलं. त्यानंतर तो माझ्या खोलीवर आला नाही. रस्त्यात दिसलो तर मान हलवायचा, बास. दुकानांसमोर उभं राहणंही त्यानं सोडलं असं कळलं.

काळी कॅसेट काही चालली नाही. सातारा-सांगलीत लोक दुकानात येऊन पैलवानांची मागायचे, दुकानदार काळी पुढे करायचा, लोक म्हणायचे, "ही न्हवं," आणि भजनाची घेऊन जायचे. पुण्यात आमच्यासारख्या काळ्या कॅसेटी चिकार होत्या. बँड मोडला म्हणण्यापेक्षा परीक्षा आल्या. विन्या पुढे शिकायला परदेशी गेला. बाळ्या पेढ्यांच्या दुकानात बसला. मी शिरवळच्या एका कारखान्यात लागलो, आणि जोर-बैठका सुटल्यामुळे माझे दंड हळूहळू पोटाकडे सरकले.

त्या पोटामुळेच पुढचं घडलं. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या घरी लोणंदला जेवायला गेलो होतो. पुरणपोळीवर हात जरा मोकळा सुटला आणि हात धुवायला उठताना शर्टाचं बटण उडून थेट चुलीपाशी गेलं. सहकाऱ्याची आई हसत उठली. "थांबा, टाका घालून देते." तिनं फडताळातून सुई-दोऱ्याची डबी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

लाल-पिवळी. कडा झिजलेल्या, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. झाकणावर आम्ही चौघं, उघडेबंब, फेटे बांधून. तिनं खाचेत नख घातलं, झाकण उचललं, सुई काढली आणि झाकण परत लावलं.

"आजी, ही डबी कुठली?"

"कुणा पैलवानांची हाय. पोरानं जत्रंत घेतली व्हती कवा तर."

"आत कॅसेट असेल ना?"

"व्हती. तिची पट्टी वडून रानात बांधली, जुंदळ्यावर. वाऱ्यानं लय वाजती बगा ती. पाखरू बसत न्हाई."

विन्या आता परदेशात आहे आणि त्याला मी हे अजून कळवलेलं नाही. आजीनं बटण लावता लावता एकदा झाकणाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, पण तिला काही साम्य दिसलं नाही. मी म्हटलं, आजी, मला ही डबी द्या, मी तुम्हाला स्टीलची नवी आणून देतो.

"ती न्हाई द्यायची," ती म्हणाली. "सुया हिच्यात बऱ्या ऱ्हात्यात. आन् फडताळात अंधारात बी हात घातला की हीच दिसती."

पुढच्या रविवारी मी सांगलीला गेलो. कपाटातून माझी स्वतःची एक जुनी डबी कॅसेटसकट काढून सोबत घेतली होती. पेंटर टेबलाशीच होता, चष्मा आणखी जाड झालेला. काचेखाली तो देखणा उंदीर तसाच होता. मी त्याला लोणंदची हकीकत सांगितली. पट्टी रानात बांधल्याचं सांगितलं. डबी मागितली तर दिली नाही, हे सांगितलं.

"न्हाई दिली?"

"नाही."

"स्टीलची देतो म्हणालास, तरी?"

"तरी."

"अंधारात दिसती म्हणाली?"

"हो मामा."

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं डोळे पुसले. मलाही भरून आलं. आमचं गाणं ज्वारीवरची पाखरं हाकलतंय याचं दुःख मला त्या क्षणी खरोखर राहिलं नाही.

"आण बगू ती कॅसेट," तो म्हणाला.

"मामा, तुमचा नियम?"

"काम चालू असंपातुर नियम. आता काम झालं." त्यानं माझ्या हातातून डबी घेतली, खाचेत नख घातलं, झाकण उचललं. कॅसेट काढून झाकण परत लावलं आणि डबी समोर उभी करून ठेवली, जणू पाहुणा बसवलाय. रविवार असल्यानं यंत्रं बंद होती. कामगारांचा टेपरेकॉर्डर खिडकीत होता, तो मी लावला.

तो हात मांडीवर ठेवून, टक्कल थोडं पुढे झुकवून, सगळी एक बाजू ऐकत बसला. विन्या किंचाळला, बाळ्यानं भांडी बडवली, माझ्या जाड तारा घुमल्या. मधे हलगी कुठंच नव्हती. ती तर आमच्याकडे नंतर आली, याच्या चित्रातून. पेंटरच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शेवटी खट्ट करून बटण वर आलं.

मी वाट बघत राहिलो.

त्यानं डबी उचलून तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "डबी लय चांगली झाली व्हती, न्हाई?"

"व्हय मामा," मी म्हणालो.

मग तो उठला, खिडकीपाशी गेला आणि त्यानं आपल्या हातानं कॅसेट उलटी करून लावली.